चार खाडे आणि एक मोफत चष्मा

वहीच्या जवळजवळ प्रत्येक पानावर तांबड्या शाईत एकच शब्द होता, ‘अपूर्ण’. कुठे नुसता, कुठे खाली दोन रेघा ओढून. वही माझ्यापुढे धरणारी बाई चार घरची धुणीभांडी करते आणि तिला वाचता येत नाही. “बाई रोज वही तपासतात हो ताई, एक दिवस चुकत नाहीत,” ती कौतुकाने सांगत होती. पोरगं नऊ वर्षांचं. आईच्या मागे उभं राहून पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होतं. त्याला तो शब्द वाचता येत होता. आईला मात्र त्याने तो कधी वाचून दाखवला नव्हता.

वही चाळताना एक गोष्ट खटकली. बाईंनी तोंडी सांगितलेलं आणि पुस्तकातून उतरवलेलं सगळं ठीक होतं. फळ्यावरून उतरवायचं तेवढंच अर्धवट. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवून मी त्याला आजची तारीख विचारली, तर तो उठून कॅलेंडरपाशी गेला आणि मग त्याने तारीख सांगितली. दोन वर्षं शाळेत तो ‘लक्ष नसलेला’ मुलगा म्हणून ओळखला जात होता. घरीही तेच मानलं जात होतं, आणि एव्हाना त्याचं स्वतःचंही तेच मत झालं होतं.

सरकारी रुग्णालयात त्याची तपासणी मोफत होणार होती आणि चष्माही मोफत मिळणार होता. तो मिळायला आईला चार खेपा घालाव्या लागल्या. पहिल्या दिवशी ती पोचली तेव्हा केस पेपरची खिडकी बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी नंबर लागला, पण डॉक्टर शिबिराला गेले होते. तिसऱ्या दिवशी जन्माच्या दाखल्यावरचं नाव आणि शाळेच्या पत्रावरचं नाव यांत एका वेलांटीचा फरक निघाला, म्हणून मुख्याध्यापकांचं नवं पत्र आणायला सांगितलं. चौथ्या दिवशी मी बरोबर गेले. खिडकीतल्या माणसाने तिला “काय गं, काय पाहिजे?” असं विचारलं आणि मी पुढे झाल्यावर मला “बोला मॅडम” म्हटलं. नवं पत्र अजून मिळालं नव्हतं. कागद आदल्या दिवशीचेच होते, वेलांटीही तीच होती. तरी काम झालं. डॉक्टरांना तपासायला सात मिनिटं लागली.

चार खेपा म्हणजे चार खाडे. चार दिवसांचे पैसे कापले गेले आणि एका घरचं काम कायमचं सुटलं, कारण त्यांनी तेवढ्यात दुसरी बाई पाहिली. रुग्णालयाच्या नोंदवहीत मोफत चष्मा दिल्याची नोंद झाली असेल, आणि ती नोंद खोटी नाही. जन्माची नोंद सरकारकडे, शाळेची नोंद सरकारकडे, दोन्हींतल्या वेलांटीचा फरकही सरकारी लेखणीनेच केलेला. तो जुळवण्यासाठी खाडा मात्र तिचा पडला.

वंचितांच्या आरोग्याची आणि शिक्षणाची चर्चा आपण करतो तेव्हा ती बहुतेक वेळा दाराभोवती फिरते. दार उघडं आहे का, फी माफ आहे का, कायदा झाला का. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्यात पंचविसाव्या कलमात वैद्यकीय सेवा आली आणि सव्विसाव्या कलमात शिक्षण आलं. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत कितीतरी देशांनी कायदे करून दारं उघडली. हे काम मोठं आहे, त्यासाठी माणसं झिजली आहेत. पण दारापर्यंतचं अंतर कुणी कापायचं, हे कुणी ठरवलंच नाही. न ठरवल्यामुळे ते आपोआप त्याच्यावर येऊन पडलं, ज्याच्याकडे वेळ, पैसा, अक्षर आणि वजन यांपैकी काहीच नाही. हे अंतर कापणं ही सेवा देणाऱ्यांची जबाबदारी आहे, असं माझं म्हणणं आहे. ती त्यांच्या कामात धरली गेली पाहिजे, तिच्यासाठी माणसं आणि पैसा राखून ठेवला गेला पाहिजे आणि ती पार पाडली नाही तर जाब विचारला गेला पाहिजे.

वेल्समधल्या ग्लिनकोरुग नावाच्या कोळसाखाणीच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे एक डॉक्टर होते. १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी एक लेख लिहिला. चांगली वैद्यकीय सेवा जिथे तिची गरज सर्वांत जास्त तिथे सर्वांत कमी मिळते आणि जिथे गरज कमी तिथे भरपूर मिळते, हे त्यांनी त्यात मांडलं. बाजाराचा जोर जितका जास्त, तितका हा उफराटा न्याय ठळक होतो, असंही त्यांनी लिहिलं. ध्यानात घ्या, हे ब्रिटनमध्ये लिहिलं गेलं, जिथे १९४८ पासून उपचार सगळ्यांना मोफत होते. दार सताड उघडं असूनही हे होत होतं.

हार्ट नुसता लेख लिहून थांबले नाहीत. आपल्या यादीतल्या प्रत्येक प्रौढ माणसाचा रक्तदाब मोजायचा, असं त्यांनी ठरवलं. जो दवाखान्यात येईल त्याचा तर मोजायचाच, पण जो येत नाही त्यालाही शोधून काढायचं. उच्च रक्तदाब दुखत नाही, त्यामुळे माणूस आपणहून येत नाही. येतो तेव्हा पक्षाघात झालेला असतो. त्यांनी अनेक वर्षं हे काम चालवलं आणि पुढे शेजारच्या तशाच खाणगावाशी तुलना केली, तेव्हा त्यांच्या गावात अकाली मृत्यू कमी असल्याचं दिसलं. या कामात नवं औषध किंवा महागडं यंत्र कुठेच नव्हतं. फक्त न आलेल्या माणसाची काळजी डॉक्टरने आपली मानली होती.

मला ‘न आलेला माणूस’ ही कल्पना फार महत्त्वाची वाटते. आपल्या रुग्णालयांचा आणि शाळांचा सगळा हिशेब आलेल्यांचा असतो. किती रुग्ण तपासले, किती मुलं पटावर आहेत. कोण आलं नाही आणि का आलं नाही, हा रकाना कुठल्याच नोंदवहीत नसतो. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगातल्या सुमारे ४५० कोटी लोकांना अत्यावश्यक आरोग्यसेवा पूर्णपणे मिळत नव्हत्या. एवढी माणसं कुठल्या तरी खिडकीपर्यंत पोचली नाहीत किंवा खिडकीवरून परत गेली. त्या खिडक्यांना याचा पत्ताही नाही.

यावर हमखास येणारं उत्तर असं, की लोकांनाच नको असतं. मोफत दिलं की किंमत राहत नाही. गरिबाला शिक्षणाची आस नसते, लस टोचून घ्यायला तो नाखूश असतो. हे बोलणारे दुष्ट असतात असं मी म्हणणार नाही. त्यातले बरेच जण आयुष्यभर सेवेत राबलेले असतात आणि थकून बोलत असतात. पण हे म्हणणं तपासून पाहिलं गेलं आहे आणि ते टिकलेलं नाही.

राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत झालेला एक प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. तिथे आधी झालेल्या पाहणीत दिसलं होतं, की आरोग्य उपकेंद्रातली परिचारिका जवळपास निम्म्या वेळा जागेवर नसे. बाळाला काखेत घेऊन कैक मैल चालत गेलेली आई बंद दार पाहून परत फिरली, तर पुढच्या वेळी ती येईल का? प्रयोगात काही गावांत लसीकरणाची शिबिरं ठरलेल्या दिवशी न चुकता भरवली गेली. आणखी काही गावांत शिबिराबरोबर दर खेपेला आईच्या हाती थोडी डाळ दिली गेली. जिथे काहीच केलं नाही त्या गावांत सगळ्या लसी पूर्ण झालेली मुलं ६ टक्के होती. नुसत्या भरवशाच्या शिबिरांनी ती १८ टक्क्यांवर गेली आणि डाळीसह ३९ टक्क्यांवर. सगळीकडे माणसं तीच होती, त्यांच्या समजुतीही त्याच होत्या. यंत्रणा वेळेवर आली एवढ्याने आकडा तिप्पट झाला, आणि बुडालेल्या रोजाची किंचित भरपाई मिळाली तेव्हा तो त्याच्याही दुपटीच्या वर गेला.

मोफत दिलं की कदर राहत नाही, या समजाची परीक्षा केनियात झाली. तिथे गरोदर बायकांच्या दवाखान्यांत हिवतापापासून बचाव करणाऱ्या, औषध लावलेल्या मच्छरदाण्या दिल्या जात. काही दवाखान्यांत त्या फुकट दिल्या, काही ठिकाणी अगदी थोडे पैसे घेतले. नाममात्र किंमत लावताच मच्छरदाणी नेणाऱ्या बायकांचं प्रमाण ६० टक्के-अंकांनी कोसळलं. आणि ज्यांनी फुकट नेल्या, त्यांनी त्या पैसे देणाऱ्यांइतक्याच वापरल्या. गरिबाच्या हातात चार पैसे असतात तेव्हा त्या चार पैशांवर आधीच दहा जणांचा हक्क असतो. महिन्याभराने न होणारा ताप त्या रांगेत शेवटचा.

शाळेची गोष्टही याच वळणाची. केनियाने २००३ मध्ये प्राथमिक शाळेची फी रद्द केली आणि पटावरची मुलं सुमारे ५९ लाखांवरून ७२ लाखांवर गेली. ही तेरा लाख मुलं काही एका रात्रीत शिक्षणाची भुकेली झाली नव्हती, ती आधीपासूनच दाराबाहेर उभी होती. पुढच्या वर्षी, २००४ मध्ये, एल्डोरेट जवळच्या एका प्राथमिक शाळेत किमानी मारुगे नावाचे ८४ वर्षांचे गृहस्थ गणवेश घालून पहिलीत जाऊन बसले. त्यांना स्वतः बायबल वाचायचं होतं. या वयात शाळेच्या बाकावर बसणाऱ्या माणसाला ‘आस नव्हती’ असं कोण म्हणेल? आयुष्याची ८४ वर्षं ती आस जागीच होती आणि आड येत होती ती फी.

पण इथेच थांबलं तर मी अर्धंच सांगितलं असं होईल. फी गेली, मुलं आली, आणि शिक्षक तेवढेच राहिले. वर्ग तुडुंब भरले. ज्यांना परवडत होतं त्यांनी आपली मुलं काढून खासगी शाळेत घातली. मागे राहिली ती ज्यांना दुसरा मार्ग नव्हता. केनियातच नव्हे, जिथे जिथे दार उघडून आत काही ठेवलं नाही तिथे तिथे हेच झालं. जागतिक बँकेच्या २०२२ च्या अंदाजानुसार अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या दहा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलांना साधा मजकूर वाचून समजत नाही. यातली बहुसंख्य मुलं शाळेत जातात. रोज दप्तर घेऊन जातात, रोज बसून परत येतात. यालाही मी न पोचणंच म्हणेन.

आता थोडा वेळ मी एका प्रश्नावर थांबणार आहे, कारण त्यावर भली भली माणसं चुकतात असं मला वाटतं. पैसा मर्यादित असेल तर तो फक्त गरिबांवरच खर्च करावा, श्रीमंतांना कशाला मोफत द्यायचं? ऐकायला हे अगदी न्यायाचं वाटतं. मीही कितीतरी वर्षं असंच मानत होते.

अडचण अशी, की ‘फक्त गरिबांना’ म्हटलं की गरिबी सिद्ध करावी लागते. सिद्ध करायची तर दाखला लागतो, दाखल्याला अर्ज, अर्जाला पत्ता, पत्त्याला कागद. ज्याच्याकडे पक्कं घर, कायमची नोकरी आणि लिहितावाचता माणूस आहे तो ही साखळी सहज पार करतो. भाड्याच्या खोलीत राहणारा, हंगामाप्रमाणे गाव बदलणारा, नवऱ्याने टाकलेली, ज्यांना दाखल्याची खरी गरज ती माणसं पहिल्याच कडीला अडकतात. शिवाय आपण गरीब आहोत हे चारचौघांत, खिडकीतून मोठ्याने विचारल्यावर, कबूल करावं लागतं. हा अपमान नको म्हणून दुखणं अंगावर काढणारी माणसं मी पाहिली आहेत.

दुसरी अडचण त्याहून खोल आहे. जी सेवा फक्त गरिबांची असते तिच्यासाठी भांडणारं कुणी उरत नाही. नळाला पाणी आलं नाही तर वस्तीतले वजनदार लोक ओरडतात, कारण ते पाणी त्यांनाही लागतं. ज्या शाळेत आमदाराचं मूल जात नाही, अधिकाऱ्याचं जात नाही, पत्रकाराचं जात नाही आणि तिथल्या शिक्षकाचं स्वतःचंही जात नाही, त्या शाळेचं गळकं छप्पर किती पावसाळे तसंच राहतं हे सांगायला नको. गरिबांपुरत्या काढलेल्या सेवा निकृष्ट होत जातात, हे ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी साठच्या दशकातच बजावलं होतं.

फिनलंडमध्ये १९३८ पासून बाळंतिणीला तान्ह्या बाळाच्या कपड्यांची आणि गरजेच्या वस्तूंची पेटी सरकारकडून मिळू लागली. सुरुवातीला ती फक्त कमी उत्पन्नाच्या बायकांना होती. १९४९ पासून ती प्रत्येक आईला मिळू लागली, अट एकच, की गरोदरपणाचा चौथा महिना संपायच्या आत तपासणी करून घ्यायची. पेटी घेण्यात लाज उरली नाही, आणि पेटीच्या निमित्ताने देशातली जवळजवळ प्रत्येक गरोदर बाई वेळेत तपासणीला येऊ लागली. न आलेली बाई शोधत फिरण्याऐवजी तिने यावं असं कारण तिला दिलं गेलं.

थायलंडचं उदाहरण मला आणखी जवळचं वाटतं, कारण तो तेव्हा श्रीमंत देश नव्हता. तिथे गरिबांसाठी वेगळं कार्ड होतं. खऱ्या गरिबांपैकी कित्येकांकडे ते नव्हतं आणि ज्यांना गरज नाही अशा काहींकडे होतं. २००१ पासून त्यांनी कार्डाची भानगड सोडून, ज्यांना दुसरी कुठली योजना लागू नाही अशा सगळ्या नागरिकांना एका भेटीला तीस बाट एवढ्या नाममात्र शुल्कात सेवा सुरू केली. यात सगळ्यांचं लक्ष त्या तीस बाटकडे जातं. खरी किल्ली मात्र पैसे वाटण्याच्या पद्धतीत होती. पूर्वी जिथे मोठं रुग्णालय आणि जास्त कर्मचारी तिथे जास्त निधी जायचा. म्हणजे ज्याच्याकडे आधीच आहे त्यालाच आणखी. नव्या पद्धतीत नोंदलेल्या माणसांच्या संख्येवर निधी ठरू लागला आणि पैसा आपोआप मागास प्रांतांकडे वळला. त्याआधी गरीब प्रांतांत बालमृत्यू स्पष्टपणे जास्त असत. योजनेनंतर प्रांताची गरिबी आणि बालमृत्यू यांची ती जोडी जवळजवळ सुटली, असं पुढच्या अभ्यासात दिसलं. मोठमोठ्या घोषणांपेक्षा निधीवाटपाच्या एका सूत्राने इतकी बाळं वाचू शकतात, हे वाचलं तेव्हापासून मी अर्थसंकल्पाची परिशिष्टं चाळायला लागले आहे.

म्हणून सेवा सगळ्यांना द्यावी आणि कष्ट मात्र सारखे करू नयेत, जिथे गरज जास्त तिथे जास्त करावेत, असं मला वाटतं. दुर्गम भागातल्या शाळेला शहरातल्या शाळेइतकेच शिक्षक देणं ही समानता दिसते खरी, पण ज्या मुलाच्या घरात पुस्तक नाही आणि घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी आहे त्याला जास्त शिक्षक लागतात, जास्त वेळ लागतो, चांगला शिक्षक लागतो. आपण नेमकं उलट करतो. नको असलेल्या माणसाची बदली आडगावी करतो आणि तिला शिक्षा म्हणतो. तिथल्या मुलांनी काय केलं होतं?

हा पैशाचा प्रवाह कुठून निघतो आणि कुठे जातो, हा प्रश्न महात्मा फुले यांनी १८८२ मध्येच, इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात विचारला होता. सरकारचा महसूल येतो कष्टकरी रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. वर शिकवलं की विद्या हळूहळू खाली झिरपेल, या तेव्हाच्या सरकारी समजाला त्यांचा विरोध होता. ठरावीक वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. आणि प्राथमिक शाळेत काय शिकवावं हे सांगताना त्यांनी लेखन, वाचन, हिशेब, शेती यांच्या जोडीला आरोग्यरक्षणाचे धडेही घातले होते. शाळा आणि दवाखाना ही त्यांच्या लेखी दोन खाती नव्हती.

आपल्याकडे ती दोन खाती झाली, आणि पुष्कळ नुकसान त्या दोघांच्या मधल्या बोळात होतं. नायजेरियातल्या अभ्यासावरून लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन कॉल्डवेल यांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं, की दवाखान्याची सोय सारखीच असली तरी शिकलेल्या आईची मुलं जास्त जगतात. २०१० मध्ये १७५ देशांच्या आकडेवारीवरून झालेल्या अभ्यासाने हिशेब मांडला, की १९७० ते २००९ या काळात पाच वर्षांखालच्या मुलांचे वार्षिक मृत्यू ८२ लाखांनी कमी झाले आणि त्यातल्या निम्म्याहून किंचित जास्त घटीचं श्रेय बायकांच्या वाढलेल्या शिक्षणाला जातं. मुलीला शाळेत टिकवणारी शिक्षिका अशा रीतीने वीस वर्षांनंतरची बाळं वाचवत असते, पण आरोग्य खात्याच्या कुठल्याच अहवालात तिचं नाव येत नाही. उलट दिशेनेही तेच. चीनच्या ग्रामीण भागातल्या २५२ शाळांत झालेल्या प्रयोगात अधू नजरेच्या मुलांना शाळेतच चष्मे दिले आणि त्यांचे गणिताचे गुण वाढले. त्यांना कुणी जादा शिकवलं नव्हतं. त्यांना फळा दिसला होता.

सेवेने माणसाकडे जाणं हे स्वप्नरंजन आहे, इतकी माणसं कुठून आणायची, असं म्हणतात. ब्राझीलने १९९४ पासून कुटुंब आरोग्य कार्यक्रमात वस्तीतल्याच बायका-पुरुषांना प्रशिक्षण देऊन नेमलं. एकेकाकडे साडेसातशेपर्यंत माणसं, आणि महिन्यातून एकदा तरी प्रत्येक घराचा उंबरा. कुठल्या घरात गरोदर बाई आहे, कोणाची लस राहिली, कोण औषध मध्येच सोडून बसलंय, हे त्यांना कागद न मागताच कळतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ ते १९९८ मध्ये गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू, ज्या गावांत हे केलं नव्हतं त्यांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी कमी झाले. श्रीलंकेने १९४५ मध्ये, स्वातंत्र्यही मिळायच्या आधी, शिक्षण मोफत केलं. गावोगाव प्रशिक्षित सुईणीही नेल्या. पुढच्या दशकांत तिथले मातामृत्यू पुन्हा पुन्हा निम्म्यावर येत गेले, तेही देश गरीब असताना. पैसा लागतो, हे मी नाकारत नाही. पण पैसा आजही खर्च होतोच आहे. तो धुणीभांडी करणारी बाई खाड्यांच्या रूपाने भरते, कर्ज काढून शस्त्रक्रिया करणारा शेतमजूर भरतो, आणि ज्याने भरू नये तो नको त्या वेळी भरतो.

अलीकडे या अंतरावर एक सोपा इलाज सुचवला जातो, सगळं मोबाइलवर आणा. रांग नको, खिडकी नको. ज्यांच्या हातात फोन आहे त्यांच्यासाठी हे खरोखर सोयीचं आहे. पण २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा युनिसेफने मोजलं, तर जगातली किमान ४६ कोटी ३० लाख मुलं ऑनलाइन, टीव्ही, रेडिओ यांपैकी कोणत्याच मार्गाने शिकू शकत नव्हती. भांडी घासून घासून बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या बाईचा ठसा यंत्र ओळखत नाही. खिडकीतला दगडासारखा माणूसही एखाद्या दिवशी तरी द्रवतो, यंत्राला विनवणी करता येत नाही. फोन जरूर असू द्या, पण त्याच्या शेजारी एक माणूस बसवा, ज्याचं काम एवढंच, की ज्याला जमत नाही त्याच्यासाठी ते करून द्यायचं.

त्या मुलाच्या बाबतीत काय करता आलं असतं, याचा विचार करते तेव्हा यादी फार लहान निघते. वर्षातून एकदा शाळेच्याच वर्गात, सहा मीटरवर अक्षरांचा तक्ता टांगून, प्रत्येक मुलाला एक डोळा झाकून वाचायला सांगायचं. याला डॉक्टर लागत नाही, थोडा सराव केलेला शिक्षक पुरतो. ज्यांना दिसत नाही त्यांची नावं शाळेनेच रुग्णालयाला कळवायची आणि तपासनीसाने ठरलेल्या दिवशी शाळेत यायचं. आठवड्यातून एखादी संध्याकाळ ओपीडी उघडी ठेवायची, म्हणजे रोजावर जाणाऱ्याचा खाडा पडत नाही. दोन सरकारी कागदांत फरक निघाला तर तो त्या दोन कार्यालयांनी आपसांत मिटवायचा आणि तोवर उपचार थांबवायचे नाहीत. आणि खिडकीतून सगळ्यांना ‘बोला’ म्हणायचं. ही शेवटची गोष्ट मी भाबडेपणाने लिहीत नाही. ज्या ठिकाणी अपमान होतो तिथे माणूस दुखणं असह्य झाल्याशिवाय परत जात नाही, आणि उशिरा आलेलं दुखणं सगळ्यांनाच महाग पडतं.

परवा ती पुन्हा वही घेऊन आली होती. आता फळ्यावरचं सगळं उतरवलेलं असतं, शेवटच्या ओळीपर्यंत. अक्षरही सुधारलंय. तांबडी शाई मात्र गेलेली नाही. ‘अपूर्ण’च्या जागी आता फुल्या आहेत. हातचा घेऊन करायच्या वजाबाक्या चुकतात, भागाकार तर त्याला मुळी कळलेलाच नाही, कारण ते ज्या दोन वर्षांत शिकवलं गेलं ती दोन वर्षं त्याने फळ्याकडे नुसतं पाहण्यात घालवली. वर्ग पुढे गेला आहे. बाईंच्या हाताशी साठ मुलं आहेत आणि या वर्षीचा अभ्यासक्रम संपवायचा आहे, मागचं शिकवायला त्यांना वेळ नाही आणि तसा आदेशही नाही. चष्मा देणारं खातं सापडलं, चार खाड्यांनंतर का होईना. ती दोन वर्षं मागायला तिने कुठल्या खिडकीवर जावं, हे तिने मला विचारलं. “म्हणजे तिथे कागद कुठले लागतील, ते आधीच जमवून ठेवते,” ती म्हणाली.